चौकशीत माणूस मेला, तर ३०२ लागतं की नाही?

चिंचेचं_बोटूक (धागाकर्ता)

परवा गावी गेलो होतो, मिरज तालुक्यात. सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो, तेवढ्यात अनिकेत कोथळेचा विषय निघाला. विसरलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१७, सांगली शहर पोलीस ठाणे. लूटमारीच्या गुन्ह्यात दोन तरुण पकडले. सीआयडीच्या तपासाप्रमाणे चौकशीतल्या मारहाणीत अनिकेत गेला, प्रेत गाडीत घालून दीडशेएक किलोमीटर लांब आंबोलीला नेलं आणि तिथे जाळलं. ठाण्यातून मात्र सांगितलं गेलं की दोघंही पळून गेले. उपनिरीक्षक युवराज कामटे आणि त्याच्या साथीदारांवर गुन्हा दाखल झाला, बडतर्फीही झाली. दुसरा मुलगा जिवंत होता, म्हणून निदान हे बाहेर तरी आलं.

तर सलूनमध्ये एक जण म्हणाला, "चोरच होता की. मग पोलिसांनी काय आरती ओवाळायची?" त्यावर खुर्चीत बसलेला, अर्धी दाढी झालेला माणूस म्हणाला, "बांधावरच्या भांडणात भावकीत काठी लागून कोण मेला तर तीनशे दोन लागतंय. पोलिसाच्या पट्ट्यानं मेला तर का लागत नाही?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. म्हणून इथे विचारतोय. कलम कोणतं लागतं? फक्त मारणाऱ्याला लागतं, की दार ओढून घेणाऱ्यालाही, आणि वर केबिनमध्ये बसून ओरडणं ऐकणाऱ्या साहेबालाही? आणि आणल्याची नोंदच केली नसेल तर माणूस 'कोठडीत' होता हे सिद्ध कसं करायचं?

राजकारण आणू नका, धागा उडेल.

---

काळा_कोट

जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करते, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमच्या त्या अर्धी दाढीवाल्याचं बरोबर आहे. लागतं. पोलिसासाठी खुनाचं वेगळं कलम नाही. जुनं ३०२ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं १०३. बांधावर काठी मारणारा आणि डीबी रूममध्ये (ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकाच्या खोलीत) पट्टा मारणारा कायद्याच्या लेखी एकच.

गाडी अडकते ती हेतूवर. खून ठरायला मारायचाच इरादा असावा लागतो, किंवा दिलेली इजा अशी असावी लागते की सर्वसाधारणपणे त्यातून माणूस मरतोच. आता चौकशीतली मारहाण कुठे होते? तळपायावर, मांड्यांवर, कुल्ल्यांवर. डोक्यात कुणी घालत नाही. बचाव पक्षाचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, "माय लॉर्ड, याला जिवंतच ठेवायचा होता. मेल्यावर कबुली कोण देणार?" ऐकायला किळसवाणं आहे, पण युक्तिवाद म्हणून चालतो. मग ३०२ चं ३०४ होतं, म्हणजे सदोष मनुष्यवध. नव्या संहितेत कलम १०५. त्यातही हेतू होता का नुसतं 'जाणीव' होती, यावरून दोन भाग. मारहाणीमुळेच मृत्यू झाला हे वैद्यकीय पुराव्यातून पक्कं झालं नाही, तर ३०४ सुद्धा जातं आणि हातात उरतं जुनं ३३०: कबुली काढण्यासाठी दुखापत, जास्तीत जास्त सात वर्षं. गंभीर दुखापत असेल तर ३३१, दहा वर्षं. आता दोन्ही मिळून कलम १२०.

आपल्याच राज्यातलं उदाहरण देते. नागपूर, जून १९९३. जबरी चोरीच्या तपासात पोलिसांनी रात्री एका माणसाला घरातून उचललं, विजेच्या खांबाला बांधून मारलं, पुढे तो कोठडीत मेला. पोलीस खुनाच्या आरोपातून सुटले, ३३० टिकलं, शिक्षा तीन वर्षं. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षं केली, म्हणजे त्या कलमाची कमाल. तारखा बघा: १९९३ ची रात्र, २०१८ चा निकाल. पंचवीस वर्षं.

बाकी प्रश्नांवर नंतर लिहिते, तारीख आहे.

---

रोखठोक

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितोय. दगड मारा.

माझ्या घरी चोरी झाली तेव्हा मी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन म्हणालो होतो, "साहेब, जरा आपल्या पद्धतीने विचारा." इथल्या किती जणांनी हे म्हटलेलं नाही, छातीवर हात ठेवून सांगा. एका अधिकाऱ्याकडे चाळीस-पन्नास तपास, बंदोबस्त वेगळा, वरून "डिटेक्शन किती?" असा रोज फोन. फॉरेन्सिकचा अहवाल यायला महिने लागतात. मग तो पट्टा उचलतो. आणि माणूस मेला की आपणच बोंब मारायची.

शिवाय कधी कधी माणूस खरोखर आजारी असतो. दारू सुटलेली असते, हृदय कमजोर असतं. दोन फटक्यांत जातो. त्याला खून म्हणायचं?

---

न्यायवैद्य

शवविच्छेदन हाच माझा व्यवसाय, त्यामुळे 'हृदय कमजोर होतं' यावर बोलतोच.

पहिली गोष्ट. कागदावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू' असं लिहिलेलं असेल तर ते कारणच नव्हे. मेलेल्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंद पडलेलीच असते. प्रश्न आहे ती का बंद पडली.

काठीचा वळ रेल्वेच्या रुळांसारखा उठतो: दोन समांतर लाल रेघा, मधली कातडी फिकी. पाहिला की ओळखू येतो, पडून तसा वळ येत नाही. पण तळपायावर आणि मांड्यांवर रुंद पट्ट्याने मारलेलं असेल तर वरून कातडी जवळजवळ साफ दिसू शकते. रक्त आत खोल साकळलेलं असतं. तळपाय, पोटऱ्या, मांड्या, कुल्ले, पाठ उघडून बघितल्याशिवाय ते दिसत नाही, आणि घाईच्या शवविच्छेदनात ते उघडले जात नाहीत. म्हणून नातेवाइकांनी भांडायचं असेल तर यासाठी भांडावं. चित्रीकरण होणारच, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ते १९९५ पासून सांगितलेलं आहे. पण कॅमेऱ्यासमोर काय उघडलं, हे महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट. मोठे स्नायू चेचले गेले की त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. माणूस त्या रात्री मरत नाही. दोन-तीन दिवसांनी मरतो. तोवर त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत झालेली असते. मग पोलीस म्हणतात, "आमच्याकडून चालत गेला होता," आणि तुरुंग म्हणतो, "आमच्याकडे आला तेव्हाच असा होता." लघवीचा रंग चहासारखा काळपट झाला होता का, एवढी एक नोंद आवक तपासणीत असली तरी गोष्ट उलगडते. ती नसते.

आणि रोखठोक साहेब, आजारी माणसाबद्दल: कायद्याचं पुस्तक काळा_कोट ताईंचं, पण हे स्पष्टीकरण आम्हाला शिकवतात. आधीच आजारी असलेल्या माणसाला इजा करून त्याचं मरण लवकर ओढवलं, तरी ते मरण तुम्हीच घडवलं असं धरतात. जुन्या ३०० (खुनाची व्याख्या) च्या अलीकडच्याच कलमात, २९९ मध्ये आहे.

---

परभणीकर

न्यायवैद्य यांनी जे दोन कोठड्यांमधलं लिहिलं ते आमच्या गावाने डिसेंबर २०२४ मध्ये बघितलं. १० तारखेला डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, ११ ला बंद चिघळला, धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, त्यात उचलला गेला. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन, आणि १५ तारखेला मृत्यू. आधी हृदयविकाराची भाषा झाली. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात शवविच्छेदन झालं आणि प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं.

तरी गुन्हा दाखल व्हायला किती दिवस लागले? दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, अहवाल आला, आणि गुन्हा नाहीच. आई उच्च न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हाकलून लावलं. साडेसात महिने नुसत्या एफआयआरसाठी. शिक्षेचं तर बोलूच नका.

माझा प्रश्न: न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करून अहवाल दिल्यावर पुढे काय, हे कायद्यात लिहिलेलं का नाही?

---

काळा_कोट

परभणीकर, अगदी मुळावर बोट ठेवलंत.

२००६ पासून कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करायची आहे, तहसीलदार-प्रांतांनी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७६(१अ), आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं १९६. मृत्यूनंतर चोवीस तासांत प्रेत सिव्हिल सर्जनकडे तपासणीला पाठवायचं, शक्य असेल तर नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचं, हे सगळं त्यात आहे. पण ही चौकशी मृत्यूच्या कारणाची. ती तपासाची जागा घेत नाही. अहवाल येतो, फाइलला लागतो, आणि पुढचं पाऊल कुणी उचलायचं हे त्या कलमात नाही. परभणी प्रकरणात उच्च न्यायालयापुढे वादाचा मोठा भाग हाच होता. व्यवहारात नेहमी काय होतं सांगू? 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद होते आणि "चौकशी चालू आहे" हे उत्तर वर्षभर पुरतं.

आता धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न, बघत बसणाऱ्याचा. समान उद्देश असेल तर प्रत्येक जण जणू एकट्यानेच कृत्य केल्यासारखा जबाबदार, जुनं ३४. आणि कायद्यात 'कृत्य' या शब्दात बेकायदा गप्प बसणंही येतं. वाटसरू बघत उभा राहिला तर त्याला नाही धरता येत. पोलिसाचं तसं नाही, कारण ताब्यातल्या माणसाच्या जिवाची काळजी घेणं हे त्याचं कायद्याने लिहिलेलं काम आहे, जुन्या प्रक्रिया संहितेचं ५५अ. तरीही नुसता हजर होता एवढ्यावर खुनाची शिक्षा क्वचितच होते. दार लावलं, हात धरले, नंतर खोटी डायरी लिहिली, असं काहीतरी दाखवावं लागतं. खोट्या नोंदीला, पुरावा नाहीसा करण्याला स्वतंत्र कलमं आहेत आणि पुष्कळदा तीच आधी टिकतात.

वरच्या साहेबाचं म्हणाल तर हिमाचल बघा. कोटखाई, जुलै २०१७. शाळकरी मुलीवर बलात्कार आणि खून, राज्यभर आगडोंब. खास पथकाचा प्रमुख आयजी (पोलीस महानिरीक्षक) दर्जाचा, झहूर हैदर झैदी. पकडलेल्या संशयितांपैकी सूरज नावाचा मजूर १८ जुलैच्या रात्री कोठडीत मेला. पोलिसांनी काय केलं? त्याच्याच सोबतच्या संशयितावर खून लादला. 'आपसात भांडले.' सीबीआयकडे तपास गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये चंडीगडच्या न्यायालयाने झैदीसह आठ पोलिसांना जन्मठेप दिली. खुनाच्या कलमाखाली. आयजीला.

आणि मुलीचा खरा मारेकरी? डीएनएवरून सापडला तो भलताच निघाला. २०२१ मध्ये त्याला जन्मठेप झाली. सूरजचा त्या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता. रोखठोक साहेब, हे तुमच्या 'आपल्या पद्धतीने विचारा' साठी.

---

रोखठोक

शेवटचं वाक्य लागलं. मान्य. पण मग केरळचं पण सांगा ना. तिरुवनंतपुरम, २००५, उदयकुमार. मांड्यांवरून लोखंडी पाइप फिरवून मारल्याचा आरोप. २०१८ मध्ये सीबीआय न्यायालयाने दोन पोलिसांना चक्क फाशी सुनावली. आणि २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सगळे सोडले. तपासातच खोट निघाली. म्हणजे वीस वर्षं ती माउली कोर्टात फिरली आणि शेवटी शून्य. कलम कितीही कडक करा, पुरावा गोळा करणारा जर त्याच खात्याचा किंवा त्याचाच भाऊबंद असेल तर काय उपयोग?

---

माणदेशी

रोखठोकरावांनी नकळत खरा मुद्दा काढला. इथे सगळे कलम कोणतं यावर बोलतायत. माझ्या मते भांडण कलमाचं नाहीच. सिद्ध कुणी करायचं, याचं आहे.

चार भिंतींच्या आत काय झालं हे दोघांनाच माहीत. एक मेला. दुसरा सांगणार नाही. आणि कायदा मेलेल्याच्या आईला म्हणतो, सिद्ध कर.

हे सर्वोच्च न्यायालयाला कळलेलं नव्हतं असं नाही. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठापुढे उत्तर प्रदेशातलं राम सागर यादव प्रकरण आलं. ब्रिजलाल नावाचा शेतकरी, पोलिसाने लाच मागितल्याची तक्रार त्याने केली होती, १९६९ मध्ये त्याला ठाण्यात नेऊन मारलं. चंद्रचूडांनी निकालात सरकारला सुचवलं की ताब्यातल्या माणसाला इजा झाली तर पुराव्याचा भार बदलण्याचा विचार करा, नाहीतर पोलिसांविरुद्ध साक्षीदार म्हणून पोलीसच उरतात. विधी आयोगाने त्याच वर्षी ११३ वा अहवाल दिला. पुरावा कायद्यात ११४ब घाला म्हणाले: ताब्यात असताना इजा झाली असेल तर ती ताबा ठेवणाऱ्यानेच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. चाळीस वर्षं झाली. २०२३ मध्ये अख्खा पुरावा कायदा नव्याने लिहिला, साक्ष अधिनियम असं नाव दिलं. ११४ब त्यातही नाही.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. असं गृहीतक कायद्यात बसतच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. बसवलं होतं, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यामुळे. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, १९७२. 'मथुरा' प्रकरण. आदिवासी मुलीवर ठाण्यात बलात्कार, सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सोडले, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये ११४अ आलं. पोलिसाच्या ताब्यातली बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर नव्हती असंच धरायचं. म्हणजे बंद दाराआड भार उलटा करता येतो हे संसदेने मान्य केलं. पुढचं अक्षर, फक्त 'अ' नंतरचा 'ब', तेवढा राहिला.

---

सायली_ठाणे

माणदेशी, __/\__

पण आता कॅमेरे आहेत ना? वडाळ्याच्या अ‍ॅग्नेलो वल्डारिस प्रकरणात (२०१४, रेल्वे पोलीस, तिथेही 'पळताना गाडीखाली आला' अशीच गोष्ट) उच्च न्यायालयाने राज्यातल्या ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही लावायला सांगितले होते. मग डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सांगितलं, आवाजासकट, आणि चित्रण दीड वर्ष ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष. लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे. फक्त स्वच्छतागृहाच्या आत नाही.

आणि एक शंका. हे सगळे नेहमी 'पळून'च का जातात? ख्वाजा युनूस पण पळाला होता ना?

---

काळा_कोट

हो, कागदोपत्री. घाटकोपर बॉम्बस्फोटात डिसेंबर २००२ मध्ये पकडलेला परभणीचा इंजिनिअर. जानेवारी २००३ मध्ये औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, अशी नोंद. सहआरोपीने न्यायालयात सांगितलं की कोठडीत त्याला मारताना आणि रक्त ओकताना मी पाहिलं. आजवर प्रेत मिळालेलं नाही. सीआयडीने चौदा पोलिसांना जबाबदार धरलं, सरकारने खटल्याची परवानगी दिली फक्त चौघांविरुद्ध, त्यात सचिन वाझे. त्याला २०२० मध्ये सेवेत परतही घेतलं होतं. पुढचं अँटिलियाचं सर्वांना माहीत आहे. ख्वाजा युनूसचा खटला मात्र अजून त्याच जागी. आईला नुकसानभरपाई मिळाली, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने वीस लाख ठरवले. पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून.

'पळून जाणं' का आवडतं, तर त्यात प्रेत ठाण्यात सापडत नाही. प्रेत नाही म्हणजे शवविच्छेदन नाही, जखमा नाहीत, १७६ ची चौकशी रेंगाळते. न्यायवैद्य यांच्या टेबलापर्यंत काही पोचतच नाही.

परवानगीवरून एक सांगते, कारण लोक घाबरतात. सरकारी नोकरावर खटला भरायला शासनाची मंजुरी लागते, पण ती 'कर्तव्य बजावताना' केलेल्या कृत्यासाठी. कबुलीसाठी मारणं हे कर्तव्य नाही. ही काही नवी शोधलेली गोष्ट नव्हे. आपल्या मुंबई पोलीस कायद्याच्या १६१ व्या कलमाच्या संदर्भात महाराष्ट्राच्याच खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली हे सांगून ठेवलंय. आता नव्या संहितेत १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं आहे. बघू.

सीसीटीव्हीचं म्हणाल तर माझ्या दोन प्रकरणांत चित्रण मागितलं. एकदा 'हार्ड डिस्क नादुरुस्त', एकदा 'त्या कालावधीत वीजपुरवठा खंडित'. म्हणून अशिलांना सांगते, महिनाभर थांबू नका. माणूस उचलला त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांकडे चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज द्या. अर्ज दिल्यानंतर बिघडलेली हार्ड डिस्क ही वेगळी हार्ड डिस्क असते.

---

चिंचेचं_बोटूक

ताई, घरच्यांनी पहिल्या रात्री करायचं काय? म्हणजे खरोखर, रात्री अकराला उचलून नेलंय आणि ठाण्यात "आमच्याकडे नाही" म्हणतात, तर?

---

काळा_कोट

सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा डी. के. बसू निकाल याच रात्रीसाठी आहे. अटकेचा कागद, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, कुठे ठेवलंय ते कळवणं, अंगावरच्या जखमांची नोंद, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. पण "आमच्याकडे नाही" म्हटल्यावर यातलं काहीच सुरू होत नाही.

तेव्हा: ११२ ला फोन करा. ते काही करतील म्हणून नाही, फोनची वेळ कुठेतरी नोंदली जाते म्हणून. अधीक्षक किंवा आयुक्तांच्या नियंत्रण कक्षाला मेल, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला मेल, दोन ओळी: नाव, वेळ, कुणी नेलं, गाडीचा नंबर. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेताना बघितलं असेल तर त्यांची नावं लिहून घ्या. चोवीस तासांत न्यायालयात उभं केलं नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणूस हजर करा असा अर्ज. आणि न्यायालयात आणतील तेव्हा वकिलाला सांगा, दंडाधिकारी "मारहाण केली का?" विचारतात तेव्हा पोलीस मागेच उभे असतात, माणूस "नाही" म्हणतो. वकिलाने सदरा वर करून दाखवायचा असतो. लाज बाळगू नये.

---

जुना_बंदोबस्त

बरेच दिवस वाचत होतो. लिहू की नको करत आज लिहितो. हवालदार म्हणून निवृत्त झालो, पेन्शन घेतो.

मारहाण होत नव्हती असं म्हणणार नाही. पट्ट्याला आम्ही बाजीराव म्हणायचो, हे बाहेरच्यांनाही माहीत आहे. हे मारणारे सगळे राक्षस असतात असं समजू नका. डीबीतला एक होता, घरी ज्ञानेश्वरी वाचायचा. साहेबांना सकाळी वर सांगायचं असायचं की 'रिकव्हरी झाली'. तेवढ्यासाठी. कबुली पोलिसासमोरची न्यायालयात चालत नाही हे आम्हाला पण ठाऊक असतं. पण कबुलीतून माल निघाला तर तो चालतो. त्या मालासाठी सगळं.

वर कुणी भाऊबंदकी म्हणालं. खरं आहे. पण आमच्यातलेही बोलतात. तामिळनाडूत सात्तानकुळमला २०२० मध्ये मोबाइलच्या दुकानावरून बापलेकाला रात्रभर मारलं, दोघंही गेले. तिथे एका महिला हेड कॉन्स्टेबलने दंडाधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, ठाण्यात बाकीचे दमदाटी करत असताना. मी ती बातमी दोनदा वाचली. माझ्याच्याने झालं नसतं.

काळा_कोट ताई, तुम्ही डायरीबद्दल लिहिलंत म्हणून विचारतो. नोंदच केली नाही, आणि माणूस मेला नाही, तर त्याचं काय कलम?

---

काळा_कोट

बेकायदा डांबून ठेवणं, कबुलीसाठी. जुनं ३४८, तीन वर्षं. आणि खोटी नोंद केली असेल तर त्याचं वेगळं. काका, का विचारताय?

---

सायली_ठाणे

काका, सांगायचं नसेल तर नका सांगू.

---

जुना_बंदोबस्त

सांगतो. ठाण्याचं नाव घेणार नाही.

रात्रपाळीला ठाणे अंमलदार मी होतो. साडेबाराला डीबीच्या मुलांनी एकाला आणलं, मोटारसायकल चोरीचा संशय. वीस-बावीसचा असेल, पायात एकच चप्पल. मी डायरी ओढली तर साहेब म्हणाले, "आत्ता नको. सकाळी बघू." मी पेन खाली ठेवलं. मागच्या खोलीत नेला. मी टीव्हीचा आवाज वाढवला. कुणी सांगितलं नव्हतं, मीच वाढवला.

अडीचला आवाज थांबला. अडीच ते तीन मी उठलो नाही. न्यायवैद्य साहेबांनी लिहिलंय ना, माणूस त्या रात्री मरत नाही, ते वाचलं तेव्हापासून झोप नाही. कारण मला वाटायचं तो वाचला. पहाटे पाचला रिक्षा बोलावली, दोघांनी धरून बसवला. रिक्षाचे पैसे मी दिले. पुढे कुठे गेला, दोन दिवसांनी कसा होता, मला माहीत नाही. नाव पण माहीत नाही, कारण लिहिलंच नव्हतं.

त्या तारखेची स्टेशन डायरी रेकॉर्डला असेल तर काढून बघा. ००.३० ते ०५.०० माझ्याच अक्षरात आहे: 'ठाणे हद्दीत शांतता. रात्रगस्त चालू.'